डायलिसिससाठी कॅथेटर की फिस्टुला?

डायलिसिसच्या मशीनला मिनिटाला साधारण 300 मिली रक्त लागतं. सलाइन लावतो तसल्या हाताच्या शिरेतून एवढं रक्त मिळत नाही. म्हणून वेगळी वाट करावी लागते: कॅथेटर किंवा फिस्टुला.

घाई असेल तर कॅथेटर. मानेतल्या मोठ्या शिरेतून नळी थेट हृदयाच्या तोंडाशी नेतात. लाल टोकातून रक्त मशीनकडे जातं, निळ्यातून परत येतं. त्याच दिवशी डायलिसिस सुरू, सुया टोचणं नाही. पण नळीचं तोंड शरीराबाहेर, म्हणजे जंतूंना वाटच मोकळी. डोक्यावरून अंघोळ बंद. डायलिसिसनंतर थंडी वाजून ताप आला, तर ‘व्हायरल असेल’ म्हणत घरी बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

फिस्टुलात मनगटाशी किंवा कोपराशी धमनी आणि शीर जोडतात. 1966 पासूनची ही पद्धत. शीर फुगून तयार व्हायला दीड-दोन महिने तरी लागतात आणि दर वेळी दोन जाड सुया. पण जंतुसंसर्ग कितीतरी कमी, शिवाय वर्षानुवर्षं चालतो. रोज त्या जोडावर बोट ठेवून आतल्या रक्ताची थरथर जाणवते ना, ते तपासायचं. त्या हाताला बीपीचा पट्टा नको.

शिरा चांगल्या असतील तर माझं मत फिस्टुलालाच. हृदय फार अशक्त असेल, तर मात्र कॅथेटरच बरा.