परत वापरायचं इन्सुलिन पेन: 8 महिन्यांचा अनुभव, आणि मामाजींच्या एका वाक्याचं काय करायचं ते

साडेतीन स्टार. चार दिले असते, पण डायलने घात केला, ते पुढे सांगते.

आधी माझं सांगते म्हणजे कुणाचं मत वाचताय ते कळेल. टाइप 1 डायबिटीस (म्हणजे शरीर स्वतः इन्सुलिन बनवतच नाही, बाहेरून टोचावं लागतं), नवव्या वर्षापासून, आता 32, राहणार अकोला, एक मुलगी. दिवसाला चारदा टोचते म्हणजे वर्षाचे साडेचौदाशे इंजेक्शन झाले, तेव्हा या विषयात मला थोडंफार कळतं असं धरून चाला. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही कारण कस्टमर केअरशी माझं अजून वाजतंय.

पेन मेटलचं आहे, 3 मिलीचं कार्ट्रिज बसतं, म्हणजे 300 युनिट. जुनं प्लॅस्टिकवालं खुळखुळ करायचं, हे हातात भरीव वाटतं. खिडकीतले आकडे मोठे आहेत, रात्री चष्म्याशिवाय दिसतात. अर्ध्या युनिटची सोय नाही, लहान मुलांसाठी घेत असाल तर हे घेऊच नका, अर्ध्या युनिटची पेनं वेगळी मिळतात. मला एका युनिटने शुगर पन्नासेक खाली येते, त्यामुळे कधीकधी मलाही अर्ध्याची गरज पडते, पण चालवून घेते.

आता डायल. पाचव्या महिन्यात बटण शेवटच्या तीन युनिटवर अडायला लागलं. मला वाटलं सुई वाकडी असेल, सुई बदलली, तेच. सकाळी शुगर 340. मग हवेत दोन युनिट सोडून बघितले (हे प्रत्येक नव्या सुईला करायचंच असतं, आळस करू नका, मी करत होते) तर सुईच्या टोकाला थेंबच नाही. कस्टमर केअरने बिल मागितलं, मग खोका मागितला, मग व्हिडिओ मागितला. पेनचा खोका कोण सांभाळून ठेवतं हो? शेवटी मेडिकलवाल्याने स्वतःच्या हिमतीवर बदलून दिलं, आता दुसरं पेन तीन महिने नीट चाललंय.

आता मामाजी. मे महिन्यात मावसभावाचं लग्न होतं, बाहेर रणरणतं ऊन, मी पंगतीत बसायच्या आधी पर्समधून पेन काढून पोटाला टोचलं. मामाजी शेजारीच. म्हणाले, "आधी निसर्ग आपोआप गाळून टाकत होता न, आता औषधांच्या जोरावर सगळे कमजोर लोक जगून रायले, त्याईचे पोरं बी तसेच होऊन रायले, माणसाची जातच कमजोर होऊन रायली." वाईट मनाने नाही बोलले, जिलबी वाढता वाढता बोलले. त्यांना स्वतःला दोन स्टेंट आहेत पण ते त्या हिशोबात धरायचे नसतात बहुतेक.

मी तेव्हा गप्प बसले, कारण अर्धं बरोबरच आहे ना. 1922 च्या आधी माझ्यासारखं पोर म्हणजे फार तर वर्ष-दोन वर्षं. शुगर वाढू नये म्हणून डॉक्टर मुलांना उपाशी ठेवायचे, हाडाचे सापळे व्हायचे. 11 जानेवारी 1922 ला टोरांटोमध्ये लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या 14 वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं, ते अशुद्ध होतं, गळूच झालं, मग कॉलिप नावाच्या शास्त्रज्ञाने तो जनावरांच्या स्वादुपिंडाचा अर्क शुद्ध केला आणि 23 तारखेच्या इंजेक्शनने खरंच शुगर उतरली. तो मुलगा पुढे 13 वर्षं जगला. तेव्हापासून आम्ही मोठे होतो, लग्न करतो, आम्हाला पोरं होतात, म्हणजे जी जनुकं आमच्यासोबत जळून जायची ती आता पुढे जातात. उत्क्रांतीवर औषधांचा परिणाम होतो का, तर होतो, माझी मुलगी हाच त्याचा पुरावा.

पण "जात कमजोर" हे काही पटत नाही. टाइप 1 जगभर वाढतोय हे खरं, फिनलंडमध्ये तर सगळ्यात जास्त, 1950 नंतर कितीतरी पटीने वाढलाय. पण 100 वर्षं म्हणजे माणसाच्या चार पिढ्या, त्यातही या आजाराचे लोक मुळात थोडे, तेवढ्यात जनुकांचं प्रमाण एवढं हलत नाही हो. आणि सीमेपलीकडे रशियाच्या कारेलियात लोकांची जनुकं जवळपास सारखीच, तिथे हा आजार फिनलंडच्या सहाव्या हिश्श्याएवढाच. म्हणजे वाढीमागे हवा, जंतू, राहणीमान असलं काहीतरी आहे, औषधांनी वाचलेल्या आयांचा त्यात हात नाही. शिवाय ज्या जनुकांमुळे धोका वाढतो ती एचएलए नावाची टोळी, तिचं मूळ काम जंतू ओळखून शरीराला सावध करणं. ती ज्यांच्याकडे असतात त्यातल्या बहुतेकांना टाइप 1 कधीच होत नाही. आईला असेल तर मुलाला व्हायची शक्यता शंभरात एक ते चार धरतात. मामाजींच्या गाळणीत माझ्यासोबत ती जंतू ओळखणारी जनुकंही गेली असती.

मला तर हे उलटंच भारी वाटतं की आधी एक पाउंड इन्सुलिनला गायी-डुकरांची 8,000 पाउंड स्वादुपिंडं लागायची आणि 1982 पासून माणसाचंच जनुक जिवाणूत घालून त्याच्याकडून बनवून घेतात, म्हणजे माझं स्वादुपिंड कुठल्यातरी कारखान्याच्या टाकीत आहे आणि त्याचा माल मी पेनात भरून फिरते.

तर पेन. उन्हाळ्यात हे पेन तापतं, मेटल असल्याने जास्तच. वापरातलं कार्ट्रिज साधारण 28 दिवस बाहेर चालतं पण ते 25-30 डिग्रीच्या आतलं गणित आहे, अकोल्याच्या 45 चं नाही. सोबत आलेलं पाऊच निव्वळ शोभेचं. गावी आजीकडे लाइट गेली की मी पेन प्लॅस्टिकच्या डबीत घालून मडक्यात ठेवते, ते मडकं ओल्या वाळूच्या मोठ्या मडक्यात, वरून ओलं फडकं. फ्रीजइतकं गार नाही होत पण काम भागतं. बर्फाला मात्र टेकवू नका, गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं.

बटण दाबल्यावर दहापर्यंत मोजून मगच सुई काढायची, नाहीतर थेंब बाहेर गळतो. हे मोजायचं काम आमच्याकडे मुलीने घेतलंय, ती सात गाळते, म्हणून मी मनात वेगळं मोजते.

साडेसातशेला पडलं, सुया वेगळ्या. घ्यायचं असेल तर दुकानातच 20 युनिट फिरवून, पूर्ण शून्यापर्यंत दाबून बघा, आणि खोका फेकू नका.