सिरॅमिक कोटिंग आणि पीपीएफ : वर्षभर वापरल्यावर, बोअरच्या पाण्याच्या सोसायटीतून

गाडीच्या समोरच्या भागाला लावलेल्या पीपीएफचे, म्हणजे रंगावर चिकटवायच्या पारदर्शक संरक्षक फिल्मचे, पैसे वसूल झाले. सिरॅमिक कोटिंगचे, म्हणजे रंगावर चढवायच्या पातळ लेपाचे, झाले नाहीत, आणि त्याला आमच्या सोसायटीचं पाणी जबाबदार आहे. ही कामं करून देणाऱ्या स्टुडिओवाल्यांशी मध्यंतरी जोरदार वाजलंही.

गाडी काळी, राहायला पुण्याजवळ वाघोलीत. कोटिंगला २२ हजार मोजले. बोनेट, बंपर, आरसे आणि हेडलाइटला टीपीयूची (लवचिक प्लास्टिकची) फिल्म लावली, तिचे ३८ हजार. वर १८ टक्के जीएसटी. पहिला पावसाळा अगदी सुखाचा गेला. चिखल नुसत्या फवाऱ्याने निघायचा, कबुतरांची घाण ओल्या फडक्याने सुटायची, आणि थेंब असे टपोरे उभे राहायचे की बघत बसावं. तेव्हा लिहिलं असतं तर पैकीच्या पैकी गुण दिले असते.

दिवाळीनंतर पाऊस गेला आणि डाग सुरू झाले. बोनेटवर, टपावर, मागच्या काचेखाली पांढरट गोल कडी. समोरून बघितलं तर काही नाही, पण उन्हात तिरकं बघा, सगळा पत्रा देवी आल्यासारखा. बोट फिरवलं की कडेला बारीक खरखर लागते. शाम्पूने निघत नाहीत.

होतं असं की कोटिंग पाण्याला पसरू देत नाही. थेंब जागच्या जागी उभा राहतो, तिथेच आटतो आणि त्यातला सगळा कॅल्शियम-मॅग्नेशियमचा क्षार तेवढ्याच वर्तुळात साचतो. म्हणजे ज्या टपोऱ्या थेंबांचे व्हिडिओ दाखवून कोटिंग विकतात, तेच थेंब जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या, पाण्यात डाग पाडतात. वरून ऊन लागलं की क्षार भाजून घट्ट बसतो. आमची गाडी दिवसभर ऑफिसच्या उघड्या पार्किंगमध्ये असते.

स्टुडिओत गेलो. मॅनेजर म्हणाले, ‘सर, हे एक्स्टर्नल आहे. वॉरंटी कोटिंगची आहे, डागांची नाही.’ वॉरंटीचा कागद काढला. पाण्याचे डाग, पक्ष्यांची घाण, झाडाचा चीक, ओरखडे, दगडाचे टवके, सगळं वगळलेलं. उरलं काय, तर रंग विटणं. आजकालच्या गाडीचा क्लिअरकोट (रंगावरचा पारदर्शक थर) पाच वर्षांत सहसा तसाही विटत नाही. आणि ही वॉरंटी चालू ठेवायला दरवर्षी साडेतीन हजारांचं मेंटेनन्स त्यांच्याकडेच करून घ्यायचं. मी एकच विचारलं : गाडी कुठल्या पाण्याने धुता, हे विकताना का नाही विचारलं? याला उत्तर नव्हतं. शेवटी अर्ध्या पैशांत डाग काढून दिले. महिन्याभरात परत आले.

एप्रिलपर्यंत माझं पक्कं मत होतं की सिरॅमिक कोटिंग म्हणजे निव्वळ लूट. ते बदललं कोथरूडला आईकडे गेल्यावर. तिथे खडकवासला धरणाचं पाणी येतं. तोच शाम्पू, तेच फडकं, गाडी धुतली, आणि एक डाग नाही. मग आरओवाल्याकडून टीडीएसचा मीटर मागून घेतला. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं एकूण प्रमाण. तो थेट जडपणा नव्हे, पण अंदाज येतो. आईकडचं पाणी दीडशेच्या आत. आमचं बोअरचं नऊशेच्या पुढे. आणि गाड्या धुणारे काका ज्या टाकीतून बादल्या भरतात तिथे चौदाशे! कारण ती टाकी घराघरांतल्या आरओच्या टाकाऊ पाण्याची आहे. पाणी वाचवायला कमिटीने केलेली सोय, हेतू चांगलाच. पण आरओ गोडं पाणी वेगळं काढतो आणि क्षार उरलेल्या पाण्यात ढकलतो. म्हणजे सोसायटीतलं सगळ्यात जड पाणी नेमकं गाड्यांवर पडतंय. कमिटीला लेखी दिलंय. ते पाणी फरशा आणि जिने पुसायला वापरा, गाड्यांना नको.

माझ्यापुरता उपाय फुकटात सापडला : एसीचं पाणी. हवेतली वाफ थंड होऊन जमलेलं, क्षार जवळजवळ नाहीतच, मीटरवर आकडा दोन अंकी. धुणं बोअरच्या पाण्याने, शेवटचा हात या पाण्याचा, आणि लगेच मोठ्या मायक्रोफायबरने टिपून घ्यायचं, घासायचं नाही. एप्रिलच्या कोरड्या हवेत रात्रभरात बादलीचा तळच भरतो, मेअखेरीला हवा दमट झाली की बादली भरते. ताज्या डागांवर पांढरं व्हिनेगर तितक्याच पाण्यात मिसळून, सावलीत, गार पत्र्यावर, मिनिटभर ठेवून धुवून टाकायचं. जुने, रुतलेले डाग मात्र त्यानेही जात नाहीत, तिथे पॉलिशच लागतं आणि पॉलिशबरोबर कोटिंगही जातं. एवढं सांभाळल्यावर कोटिंग परत पहिल्यासारखं वागायला लागलंय, हे मान्य करतो. गोडं पाणी असेल त्यांनी खुशाल करावं.

आता फिल्म. खंबाटकी घाटाच्या अलीकडे पुढच्या डंपरमधून खडी उडाली. बोनेटवर फिल्मला मुगाएवढा खड्डा पडला, खालचा रंग शाबूत. त्याच खडीने टपाच्या पुढच्या कडेला, जिथे फक्त कोटिंग होतं, टवका उडाला आणि प्रायमर दिसायला लागला. एकाच गाडीवर, एकाच क्षणी. नवल काही नाही : फिल्म दोनशे मायक्रॉनच्या आसपास जाड, कोटिंग जेमतेम एक-दोन मायक्रॉन. ‘नाइन एच’ कडकपणाचं जे कोटिंग विकताना सांगतात ते पेन्सिलीचं मोजमाप आहे. सगळ्यात कडक पेन्सिलीने चरा पडत नाही एवढाच त्याचा अर्थ. रस्त्यावरची वाळू पेन्सिलीपेक्षा कितीतरी कडक असते.

फडक्याचे केसासारखे चरे दुपारच्या उन्हात फिल्मवर आपोआप भरून येतात, हे खरं आहे, रोज बघतो. खोल कापलेलं भरत नाही. फॉगलॅम्पजवळ एका कडेने फिल्म सुटली आणि तिथे धुळीची काळी रेघ धरली. ती मात्र स्टुडिओने एक पैसा न घेता बसवून दिली. फिल्म घेताना टीपीयूच आहे ना ते बघा, स्वस्तातली पीव्हीसी पिवळी पडते.

पुढचं साडेतीन हजारांचं मेंटेनन्स मी करणार नाही, वॉरंटी गेली तरी चालेल. त्या पैशांत दारांच्या कडांना आणि हँडलच्या खोबणीत, जिथे नखं लागतात तिथे, फिल्म लावून घेणार आहे. टपाच्या पुढच्या कडेलाही एक पट्टी मारायची आहे, पण आधी तो टवका टचअपने भरून.