१६१३ ला सायलेन्सरऐवजी सरळ नळी: सात महिन्यांनंतर

माझी गाडी म्हणजे टाटाचा १६१३ टर्बो ट्रक, २००९ चा. टर्बो म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. कोल्हापूरला गूळ भरायचा आणि पुण्यात गुलटेकडीला मार्केट यार्डात खाली करायचा, ही ठरलेली लाईन. मागच्या उन्हाळ्यात गाडी चढाला दम टाकायला लागली. शिंदेवाडीपासून कात्रजच्या नव्या बोगद्यापर्यंत कायम तिसऱ्या गिअरवर जायची, ती दुसऱ्यावर यायला लागली. भोसरीतल्या मिस्त्रीने एका वाक्यात निकाल दिला, "सायलेन्सर काढ, सरळ नळी सोड." ३,२०० रुपयांत दुपारभरात काम झालं.

फरक पडला, खोटं कशाला बोलू? टर्बो लवकर उठायला लागला, चढ परत तिसऱ्यावर निघाला, भरल्या गाडीचं अ‍ॅव्हरेज लिटरला ४.४ किलोमीटरवरून ४.८ वर गेलं. महिनाभर मी भेटेल त्याला नळीचं कौतुक ऐकवत होतो.

मग धाकट्या भावाने खोड काढली. "नळीमुळे की सायलेन्सर चोक होता म्हणून?" त्याने टर्बोतून बाहेर पडणाऱ्या पाइपाला, सायलेन्सरच्या अलीकडे, भोक पाडून नट वेल्ड केला, त्यात ब्रेकपाइपचा हातभर तुकडा बसवला आणि त्याला गवंड्याची लेव्हलची नळी जोडली. ती फळीवर यू आकारात ठोकून आत कुंकवाचं पाणी भरलं. पाइपात दाब जेवढा तुंबेल तेवढं पाणी वर चढणार. सरळ नळीवर फुल रेस दिली तर पाणी चार बोटं चढलं. जुना सायलेन्सर लावल्यावर तेच पाणी फळीच्या वरून उडून माझ्या शर्टावर. नवा कोरा सायलेन्सर आणून लावला, तर जेमतेम वीतभर. जुना कापून पाहिला. आतली जाळीची प्लेट तुटून नळीच्या तोंडावर आडवी पडली होती आणि वर काजळीचा थर. म्हणजे पैसे नळीचे दिले, काम झालं ते चोक निघाल्याचं. नव्या सायलेन्सरवरही अ‍ॅव्हरेज ४.८ च आहे.

"इंजिनाला थोडं बॅकप्रेशर लागतंच", म्हणजे धुराला मागे थोपवणारा दाब, हे वाक्य प्रत्येक टपरीवर ऐकलंय. डिझेलला नाही लागत. धूर बाहेर ढकलायला पिस्टनलाच जोर लावावा लागतो, तो फुकट जातो. टर्बोवाल्या गाडीत तर टर्बोचं चाक फिरतं ते त्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातल्या फरकावर. पलीकडे दाब तुंबला की टर्बो मंद. पण कंपनीच्या धडधाकट सायलेन्सरमध्ये एवढं तुंबत नाही, हे मला कुंकवाच्या पाण्याने शिकवलं.

आता नुकसान. आवाजाचं काय सांगू, पहाटे चारला यार्डात शिरलो की हमालच ओरडायचे, "बंद कर रे बाबा!" पण खरा झटका एक्झॉस्ट ब्रेकचा, म्हणजे उतारावर पाइपातली झडप मिटून धूर अडवतो आणि इंजिनाकडूनच गाडी रोखतो तो. मिस्त्रीने "अडथळाच आहे" म्हणून त्याची झडपही पाइपाबरोबर काढून टाकली होती. भरल्या गाडीने खंबाटकीचा बोगदा पार केला की पुढे उतार. बटण दाबलं, काहीच नाही. नंतर कात्रजचा बोगदा ते नवले पूल सगळं पायाच्या ब्रेकवर, दुसऱ्या गिअरमध्ये. खाली थांबलो तेव्हा ड्रमला हात लावायची सोय नव्हती. त्या उतारावर कसले कसले अपघात झालेत ते पुण्यात कोणाला सांगायला नको. दुसऱ्याच दिवशी झडप परत बसवली.

आरटीओच्या पासिंगचंही तेच. मोटार वाहन नियम १२० प्रमाणे सायलेन्सर लागतोच, आणि आवाज-धुराच्या नियमभंगाला कलम १९० खाली पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, शिवाय लायसन्स तीन महिने जातं. जुन्या गाडीला धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज (धुराच्या काळेपणाचं माप). इंजिनात डिझेल फवारणारी नोझल दुरुस्त करून घेतल्यावर आकडा जेवढा खाली आला तेवढा नळीने कधी आला नव्हता.

पासिंगच्या आधी नवा सायलेन्सर कायमचा चढवला. नळी शेडमागे पडली आहे. मेहुण्याला ती त्याच्या बिनटर्बोच्या ४०७ ला हवी आहे. त्याला म्हटलं, आधी गाडीखाली शिर आणि थंड सायलेन्सरवर हातोडीने ठोकून बघ, आत काही खुळखुळतंय का.