छत नवं झालं, डाग तसाच राहिला

न्यू जर्सीत मार्चमध्ये बर्फ वितळायला लागला की पिकअप ट्रक घेऊन रूफर, म्हणजे छताची कामं करणारे, दारोदार फिरू लागतात. एडिसन, पिस्कॅटवे, साउथ ब्रन्सविक या पट्ट्यात आपली मराठी घरं भरपूर आहेत. बरीचशी छतं आता पंधरा-वीस वर्षांची झालेली, त्यामुळे 'छत गेलंय' म्हटलं की कुणालाही पटतं. आमचे साडेतेरा हजार डॉलर असेच गेले. कसे गेले ते सविस्तर सांगते.

फेब्रुवारीत वरच्या मजल्यावर बाथरूमला लागून असलेल्या खोलीत छताला तपकिरी डाग दिसू लागला. पुढच्या महिन्यात एक तरुण दारात उभा. कंपनीचं नाव छापलेला टी-शर्ट, हातात टॅब्लेट, बोलणं अगदी अदबीचं. मागच्या रस्त्यावर एका घराचं काम चाललंय, तिथून तुमची शिंगल्स, म्हणजे छतावरच्या डांबरी चकत्या, उचकटलेली दिसली, फुकट तपासून देतो, म्हणाला. डागाचं सांगितल्यावर मान डोलावली आणि थेट शिडी लावून वर गेला. थोड्या वेळानं फोटो घेऊनच उतरला. बर्फानं शिंगल्स उचलली, खाली पाणी शिरलं, पूर्ण छत बदलावं लागेल, हा निष्कर्ष.

सासरे तेव्हा सांगलीहून आलेले होते. पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर म्हणून आयुष्य गेलेलं, त्यामुळे बांधकामवाल्यांवर त्यांचा मुळातच विश्वास नाही. तो गेल्यावर मला म्हणाले, "अगं, डाग बघायला तो आत आलाच नाही. पेशंटला न तपासता डॉक्टरनं ऑपरेशन सांगितल्यासारखं झालं हे." तेव्हा ते त्यांच्या नेहमीच्या कुरकुरीत जमा झालं.

आता त्या फोटोंबद्दल, कारण खरी मेख तिथे आहे. एका फोटोत शिंगल आडवं दुमडलेलं दिसतं आणि दुमडीवरचे खडीसारखे बारीक कण निघून आतलं डांबर दिसतं. ते डांबर काळंकुळकुळीत, ताजं. हिवाळाभर उघडं पडलेलं डांबर असं राहत नाही, त्यावर धूळ बसते, ते राखाडी पडतं. थोडक्यात, वर गेल्यावर त्यानंच ते शिंगल हातानं मोडलं होतं. दुसऱ्या फोटोत प्लंबिंगच्या पाइपाभोवतीचं रबर फाटलेलं आहे. थंडीउन्हानं ते रबर खरंच तडकतं, पण त्या फोटोतली शिंगल्स लालसर आहेत आणि आमची करडी. मोठ्या स्क्रीनवर नीट बघितल्याशिवाय हे कळत नाही, आणि तो फोटो फोनवर भराभरा सरकवत दाखवतो.

मग इन्शुरन्स. बर्फाच्या भारानं किंवा आइस डॅममुळे, म्हणजे छताच्या कडेला साचलेल्या बर्फाच्या बांधामुळे, झालेलं नुकसान बऱ्याच पॉलिसींत बसतं, वयोमानानं झिजलेलं छत बसत नाही. क्लेममधला काही भाग आपल्याच खिशातून भरावा लागतो, त्याला डिडक्टिबल म्हणतात. "डिडक्टिबलची काळजी करू नका, तेवढं मी बिलात अ‍ॅडजस्ट करतो," असं तो म्हणाला. याचा सरळ अर्थ विमा कंपनीला फुगवलेलं बिल पाठवणं, आणि त्या क्लेमवर सही आपली असते. आम्ही नाही म्हणालो. विमा कंपनीचा तपासनीस, अ‍ॅडजस्टर, येऊन बघून गेला आणि क्लेम नामंजूर झाला. त्यावर या पठ्ठ्यानं लगेच भाव उतरवला: दुसऱ्या कामाचं सामान उरलंय, याच आठवड्यात केलं तर इतक्यात बसवतो. डाग तर रोज डोळ्यांसमोर. करार झाला.

करारात स्पष्ट लिहिलं होतं की जुनी शिंगल्स पूर्ण काढणार, खालच्या कडेला आइस अँड वॉटर शील्ड, म्हणजे चिकटणारा जलरोधक थर, टाकणार आणि मग नवी बसवणार. काम एका दिवसात उरकलं, आम्ही दोघं ऑफिसात. सासरे तोवर सांगलीला परतले होते, नाहीतर खुर्ची टाकून बाहेर बसले असते. जुनं छत उतरवलं की ड्राइव्हवेत कचऱ्याचा मोठा डंपस्टर लागतो. आमच्याकडे तो आलाच नाही. जुन्यावरच नवा थर ठोकला होता. शिवाय शिंगलखालची डांबराची पट्टी उन्हाच्या उबेनं चिकटते. गारठ्यात काम करायचं तर एकेक शिंगल हातानं डांबरी सिमेंट लावून चिकटवावं लागतं. तेही केलेलं नव्हतं. एप्रिलच्या वाऱ्यात काही शिंगल्स मागच्या अंगणात येऊन पडली. फोन लागेना.

आणि पुढच्या जानेवारीत तोच डाग, त्याच जागी.

या वेळी ओळखीतून एक वयस्कर रूफर बोलावला. त्यानं शिडी ट्रकवरून काढलीच नाही. टॉर्च घेऊन आधी अ‍ॅटिकमध्ये, म्हणजे छताखालच्या माळ्यावर, चढला आणि मलाही वर बोलावलं. छताच्या फळ्यांतून खाली आलेल्या खिळ्यांच्या टोकांवर दंव गोठलेलं होतं, प्रत्येक टोकाला पांढरा गोंडा. जिथे ते वितळत होतं तिथे बरोबर खिळ्याखाली इन्सुलेशनवर, म्हणजे ऊब धरून ठेवणाऱ्या थरावर, गोल गोल डाग, ओळीनं. बाजूला बाथरूमच्या पंख्याची नळी निखळून पडलेली. तिचं तोंड छताबाहेर असायला हवं, आणि आमच्या आंघोळीची सगळी वाफ मात्र अ‍ॅटिकमध्येच जात होती. थंडीत ती फळ्यांवर गोठायची, ऊन पडलं की टपकायची. छतातून पाण्याचा थेंबही आत येत नव्हता. नळी जोडून बाहेर काढायला आणि वर झाकण बसवायला तीनशे डॉलरच्या आत खर्च आला. डाग पुन्हा आलेला नाही.

आपल्याकडे गच्ची गळते ती पावसानं, म्हणून छताला ओल दिसली की आपण वर बघतो. इथे पाणी घरातूनही वर जातं. पाऊस-बर्फ काही नसताना, कडाक्याच्या थंडीनंतर ऊन पडल्यावर डाग ओला होत असेल तर आधी वाफेचा संशय घ्या. डाग बाहेरच्या भिंतीलगत असेल आणि पन्हळीवर बर्फाचा जाड बांध दिसत असेल तर तो आइस डॅम: घरातली ऊब अ‍ॅटिकमध्ये गळते, छताच्या वरच्या भागातला बर्फ वितळतो, पाणी थंड कडेला येऊन पुन्हा गोठतं आणि मागचं पाणी शिंगलखाली शिरतं. त्यावरही कायमचा उपाय बहुतेकदा अ‍ॅटिकमध्येच असतो, फटी बुजवणं आणि इन्सुलेशन. शेजाऱ्यांच्या छतावर बर्फ आहे आणि आपल्या छतावर मध्येच टक्कल पडलंय, तर ऊब तिथून निसटते आहे. हे रस्त्यावरून दिसतं, कुणाला वर चढवावं लागत नाही.

दारावर आलेल्याशी केलेल्या कराराबद्दल दोन गोष्टी. न्यू जर्सीत पाचशे डॉलरवरचं घरदुरुस्तीचं काम लेखी करारानेच व्हावं लागतं आणि प्रत हातात पडल्यापासून कामकाजाच्या तिसऱ्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत तो रद्द करता येतो. कॉन्ट्रॅक्टरचा नोंदणी क्रमांक राज्याच्या ग्राहक विभागाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. आमच्या करारावरचा क्रमांक खरा निघाला, पण दुसऱ्याच कुठल्यातरी कंपनीचा. स्वतंत्र घराचं छत बदलायला इथे २०१८ पासून परमिट लागत नाही, म्हणजे टाउनशिपचा इन्स्पेक्टर काम बघायला येत नाही. जुनं छत उतरवल्यावरच्या उघड्या फळ्यांचे आणि शील्डचे फोटो मिळाल्याशिवाय शेवटचा चेक देऊ नका. आणि चेक कंपनीच्या नावानं. आमच्याकडून त्यानं स्वतःच्या नावानं घेतला होता.

ग्राहक विभागाकडे तक्रार केली आहे. वीस हजार डॉलरपर्यंतचा दावा न्यू जर्सीच्या कोर्टाच्या स्पेशल सिव्हिल पार्ट या विभागात वकिलाशिवाय लावता येतो, तोही लावला. समन्स परत आलं. करारावरचा पत्ता म्हणजे मेलबॉक्स भाड्यानं देणारं दुकान निघालं, 'सूट' म्हणून दिलेला आकडा हा पेटीचा नंबर. गूगल मॅप्सच्या स्ट्रीट व्ह्यूमध्ये त्या दुकानाची पाटी स्वच्छ दिसते.