जीपचं इंजिन बदलताना माझे ९८,००० बुडाले, तुम्ही सावध व्हा

आमच्या आप्पांची १९९४ ची महिंद्रा एमएम ५४०. तिचं २,११२ सीसीचं प्युजो इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारायला लागलं, म्हणजे आतला दाब खाली गळायला लागला, भरल्या ट्रॉलीला दम टाकायला लागलं, म्हणून बोलेरोचं २,५२३ सीसीचं डीआय डिझेल इंजिन बसवायचं ठरवलं. आमच्या निपाणी भागात अशा जीपा पुष्कळ आहेत. मेव्हण्यानं सीमेपलीकडं, महाराष्ट्रात कागलच्या बाजूला एका गॅरेजात बसवून घेतलेलं सहा वर्षं बिनतक्रार चालतंय. त्याच गॅरेजात मी गेलो. ट्रॅक्टरचं हेड मी स्वतः उतरवतो. यंत्रातलं काही कळत नाही असा माणूस मी नाही.

हिशोब पै न् पै सांगतो. इंजिन ६८,०००. फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसतं ते), क्लच प्लेट, रेडिएटरचे पाइप आणि मजुरी मिळून २३,५००. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, नवा इंजिन नंबर चढवून द्यायचे १२,०००. गाडी ओढून न्यायचं टोचन ३,५००. झाले १,०७,०००. जुनं इंजिन भंगारात धरून ९,००० वजा. ९८,००० दिले, त्यातले ५८,००० रोख, उसाच्या बिलाचे. रोखीची पावती म्हणजे वहीचं फाडलेलं पान. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "अण्णा, बिल केलं की टॅक्स वर पडतोय. कशाला?" बिल नको म्हणणाऱ्याकडून इंजिन घेऊ नका, मग तो कुणाच्याही ओळखीचा असो.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून झोप उडते. बसवण्याआधी इंजिन खाली लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेलं. सगळा ब्लॉक गंजका, तेलकट धुळीनं माखलेला. फक्त इंजिन नंबर पंच केलेल्या जागी काळा रंग, तोही ताजा. मी अंगठा फिरवला. बाजूला ब्लॉकचं बीड खरखरीत लागलं आणि नंबराखाली गुळगुळीत. अंगठा काळा झाला. विचारलं तर म्हणाला, "गंज धरू नये म्हणून मारलाय." मी अंगठा हात पुसायच्या चिंधीला पुसला आणि क्लच प्लेट कुठल्या कंपनीची घालणार ते विचारत बसलो. तिथंच उठून यायला पाहिजे होतं. नुसती नंबराची पट्टी कोण रंगवतो? पण ऊसतोडणीची टोळी दारात होती, गाडी चार दिवसांत हवी होती, आणि मेव्हण्याची ओळख होती. माझ्या जागी कुणीही असता तरी हेच झालं असतं.

हे फेब्रुवारी २०२४ चं. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढं दर ५ वर्षांनी नूतनीकरण. आमची नोव्हेंबरात संपत होती. आरटीओत निरीक्षकांनी इंजिन नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून त्याचा प्रिंट घेतला. दोन आकडे तिरके, मागं ग्राइंडरच्या बारीक रेघा, कागदावर स्पष्ट. अर्ज परत. वर मलाच सुनावलं की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगीशिवाय असा बदल चालत नाही, सीसीसुद्धा आरसीशी जुळत नाही. मग त्या १२,००० चं काय? गॅरेजवाला नऊ महिने "एजंटाकडं दिलंय" म्हणत होता, आता फोनच उचलत नाही.

आमच्याकडच्या पोलीस ठाण्यात गेलो. व्यवहार महाराष्ट्रात झालाय, तिकडं जा. तिकडं गेलो. गाडी कर्नाटकची, तुम्ही कर्नाटकचे, तिकडं जा. परत अलीकडं आलो तर अर्ज कन्नडात लिहून आणा. मला कन्नड बोलता येतं, लिहिता येत नाही. मुलाकडून लिहून नेला. तेव्हा साहेब जागेवर नाहीत. पाच खेपा झाल्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी फिर्याद घ्यायची असं लिहिलंय, ते छापून नेलं. कागदाला हातसुद्धा लावला नाही. उलट दम दिला: इंजिन चोरीचं निघालं तर ते तुमच्या गाडीत सापडलंय, आधी तुम्हालाच विचारणार. पैसे माझे गेले आणि चोर मीच! हद्दीवर राहणाऱ्या माणसाला दोन सरकारं आहेत म्हणतात. काम पडलं की एकही नाही.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार लावली. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात ती लावता येते, पलीकडं जावं लागत नाही. हे मला आधी कुणीच सांगितलं नाही.

इंजिन ज्या गाडीतून काढलंय तिची आरसी आणि नोंदणी रद्द झाल्याचा कागद बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका. नंबर स्वतः पुसून, पेन्सिलीनं छापून त्या आरसीशी ताडा. चोरीच्या गाड्यांची नोंद केंद्राच्या 'वाहन समन्वय' या वेबसाइटवर इंजिन नंबरावरून बघता येते. आरटीओची परवानगी आधी, पाना नंतर. इंजिन थंड असताना आपल्यासमोर चालू करायला लावा. मी गेलो तेव्हा ते आधीच गरम करून ठेवलेलं, आणि आता ऑइल खातंय. विमा कंपनीही अपघात झाला तर हात वर करायला मोकळी.

आणि जुनं इंजिन कधीच देऊ नका. आमच्या आरसीशी जुळणारं ते एकच होतं आणि मी ते ९,००० ला घालवलं. जीप गोठ्यात विटांवर आहे. निपाणी-कागल पट्ट्यात कुणा भंगारवाल्याकडं आमचं ते प्युजोचं एक्सडीपी इंजिन दिसलं, तर कळवा. डाव्या बाजूच्या माउंटिंगला आप्पांनी पितळेचं वेल्डिंग करून घेतलंय, त्यावरून ओळखू येईल. मागेल ती किंमत देऊन परत घेईन.