द्रुतगती मार्ग बंद असलेल्या राज्यात १२५ पीएसची ताकद : कावासाकी झेड९००, दीड वर्षानंतर

महाराष्ट्रात वेगासाठी म्हणून जे रस्ते बांधले, त्यातल्या जवळपास एकाही रस्त्यावर ही मोटरसायकल न्यायची परवानगी नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग दुचाकीला बंद. समृद्धी बंद. अटल सेतू बंद, वांद्रे-वरळी सी लिंक बंद, कोस्टल रोडही बंद. वीस वर्षं जुनी आठशे सीसीची कार एक्स्प्रेस-वेच्या उजव्या लेनमध्ये निवांत बसून राहते, मागच्यांच्या हॉर्नला दादही देत नाही. ९४८ सीसीची, ब्रेक दाबताना चाक अडकू न देणारा एबीएस आणि मागचं चाक घसरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल असलेली मोटरसायकल मात्र जुन्या हायवेने, लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानांसमोर आडव्या लागलेल्या गाड्यांमधून वाट काढत जाते. नियमामागची कारणं मला कळतात, सगळी पटत नाहीत. पण गाडी घेण्याआधी हा नकाशा डोळ्यांसमोर हवा. इथे झेड९०० जगते ती घाटांत, राज्य मार्गांवर आणि पुण्याच्या सिग्नलांवर, आणि मी तिला तिथेच जोखली आहे. टॉप स्पीडबद्दल वाचायला आला असाल तर खाली काही मिळणार नाही.

माझी गाडी २०२४ साली घेतलेली, म्हणजे जुन्या पिढीतली. केबलचा थ्रॉटल (वेग वाढवायची मूठ), क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गिअर बदलायची सोय) नाही, क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप कायम ठेवायची सोय) नाही. एक्स-शोरूम किंमत सव्वानऊ लाखांच्या घरात होती. त्यावर २९९ सीसीच्या वरच्या दुचाकीला आपल्याकडे लागतो तो १२ टक्के रोड टॅक्स. नव्या गाडीला थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा एकदम भरावा लागतो, ३५० सीसीच्या वर तो १५,११७ रुपये. स्वतःच्या गाडीचा विमा वेगळा. सगळं धरून अकरा लाखांच्या आसपास जातं. पुढे हेल्मेट, जॅकेट, ग्लोव्ह्ज, बूट. हा खर्च बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून धरा. ‘पुढच्या बोनसला घेऊ’ म्हणणारे सहा महिने चप्पल घालून फिरताना पाहिलेत.

याआधी माझ्याकडे पल्सर २२० होती. तिच्या साधारण सहापट ताकदीच्या गाडीवर बसायला मला वेगळं लायसन्स लागलं नाही, कारण आपल्याकडे तसं काही नाहीच. आरटीओच्या मैदानात शंभर सीसीच्या स्प्लेंडरवर आठचा आकडा काढला की कायद्याने तुम्ही झेड९०० चालवायला मोकळे. युरोपात नवशिक्याला ए२ लायसन्सवर ३५ किलोवॅटपर्यंतचीच गाडी मिळते; तिथे कावासाकी याच झेड९०० ची कमी ताकदीची आवृत्ती विकते. आपण ते बंधन स्वतःवर घालून घ्यायचं. गाडीत त्याची सोय आहे : पॉवर मोड ‘लो’ केला की जेमतेम पंचावन्न टक्के ताकद हातात येते. सुरुवातीचे काही आठवडे मी त्यावरच काढले. मित्रांनी भरपूर चिडवलं. चिडवू द्यात.

आता इंजिन, कारण पैसे त्याचेच दिलेत. कागदावर ९,५०० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) १२५ पीएस आणि ७,७०० ला ९८.६ न्यूटन-मीटर टॉर्क (चाक फिरवणारा जोर). पहिल्या गिअरमध्येच गाडी ताशी नव्वदच्या वर जाते, दुसऱ्यात एकशेवीसला टेकते. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार चौपदरी रस्त्यावर दुचाकीला कमाल ८० ची मर्यादा. म्हणजे कायद्याच्या हिशेबाने ही एका गिअरची गाडी आहे, उरलेले पाच आपण हौसेने घेतलेत.

तरीही ती इथे निरुपयोगी वाटत नाही, आणि त्याचं कारण वरची ताकद नाही. सहाव्या गिअरमध्ये, ताशी पन्नास-साठला, तीन हजारांच्याही खाली आरपीएम असताना थ्रॉटल फिरवा. धक्का नाही, चेनची खडखड नाही, गाडी नुसती पुढे सरकायला लागते आणि सरकतच राहते. शंभरला इंजिन चार हजारांच्या थोडं वर, आरामात. कऱ्हाडहून कुंभार्ली घाटाकडे गळीत हंगामात गेलात तर मी काय म्हणतो ते कळेल. पुढे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, त्याच्या पाठीमागे एसटी. लहान गाडीवर अशा वेळी दोन गिअर खाली, इंजिनाचा आक्रोश, अर्ध्यात शंका, पुन्हा मागे. इथे समोरचा रस्ता दिसला की तिसरा किंवा चौथा, मनगटाची थोडी हालचाल, आणि उलट्या बाजूच्या लेनमधला मुक्काम दोन-तीन सेकंदांचा. मोठ्या इंजिनाने मला दिलेली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच.

आवाजाचं म्हणाल तर सहा हजारांच्या पुढे टाकीखालून एअरबॉक्सचा (इंजिनाला हवा पुरवणाऱ्या डब्याचा) गुरगुराट येतो. कावासाकीने तो मुद्दाम तसा जुळवला आहे आणि तो फक्त चालवणाऱ्याला ऐकू येतो. सोसायटीतल्या आजोबांची दुपारची झोप शाबूत राहते. सायलेन्सर बदलायचा विचार माझ्या मनात आला नाही. जप्त केलेल्या सायलेन्सरांवर पोलिसांनी रोडरोलर फिरवल्याचे फोटो आपण सगळ्यांनीच पाहिलेत. साधारण पाच हजार आरपीएमला हँडलबारात आणि फूटपेगमध्ये बारीक मुंग्या जाणवतात. जाड ग्रिप्स घातल्यावर माझं काम भागलं.

उष्णता. चार सिलिंडर आडवे बसवले, पुढे रेडिएटर, अंगावर फेअरिंग (बाहेरचं आवरण) नाही : गरम हवा जाणार कुठे? चालवणाऱ्याच्या मांड्यांवर. एप्रिलमधली संध्याकाळ, वाकडहून हिंजवडीकडे जाणारा रस्ता, मीटरवर तापमान शंभरच्या पुढे, आणि मग पंखा सुरू होतो. शेजारचा स्कूटरवाला पाय आत घेतो. हा या गाडीचा बिघाड नाही, या मांडणीच्या प्रत्येक मोठ्या नेकेडची (बिनफेअरिंगच्या गाडीची) ही गत आहे, पण टेस्ट राइडच्या दहा मिनिटांत ती कळत नाही. सुरुवातीला मी आठवड्यातून एक-दोनदा ऑफिसला नेत होतो. उन्हाळ्याने तो उत्साह संपवला. आता ऑफिसला पुन्हा स्कूटर, आणि त्याबद्दल अजिबात वाईट वाटत नाही. एकच गाडी ठेवायची असेल आणि ती रोज शहरात चालवायची असेल, तर झेड९०० घेऊ नका. बाकी सगळ्या मुद्द्यांवर तडजोड होते, यावर होत नाही.

वजन २१२ किलो. चालू गाडीवर ते जाणवत नाही, कारण हँडल रुंद आहे आणि भार खाली बसवलाय. बंद गाडीवर ते सगळंच्या सगळं जाणवतं. आमच्या बेसमेंटच्या पार्किंगला उतार आहे. नाक भिंतीकडे करून लावली की मागे ओढायला वॉचमनकाका लागतात. आता उलटी लावतो. सीट ८२० मिमी उंच, टाकीजवळ निमुळती. माझी उंची पाच फूट सात, दोन्ही पायांचे चवडे नीट टेकतात. जमिनीपासूनची उंची १४५ मिमी आहे. शहरातले स्पीडब्रेकर ती पार करते, पण गावच्या वेशीवर लोकांनी स्वतःच्या हाताने घातलेले ढिगारे तिरकी नेऊन ओलांडावे लागतात.

सस्पेन्शन शोरूममधून आलं तेव्हा आपल्या रस्त्यांसाठी कडक होतं. पुढे-मागे प्रीलोड (स्प्रिंगवरचा आधीचा ताण) आणि रिबाउंड (दबलेली स्प्रिंग परत येण्याचा वेग) दोन्ही बदलता येतात, आणि ती सोय लोक वापरतच नाहीत. माझं वजन अडुसष्ट. दोन्हीकडचा प्रीलोड कमी केला, रिबाउंड जरा सैल केला, तेव्हा कुठे पसरणी घाटात गाडी खड्ड्यांवरून उडायची थांबली. वाईहून पाचगणीकडे चढताना वळणं एकामागून एक येतात. तिथे दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल एकसारखा धरून चढत राहणं हे माझ्या लेखी या गाडीचं खरं काम. ब्रेक पुरेसे आहेत, पण पहिला चावा मवाळ आहे. स्वभावाने घाई करणाऱ्याला ते आवडणार नाही, पावसात मला ते बरंच वाटलं.

पावसाबद्दल सांगायलाच हवं, कारण आपल्याकडे चार महिने तोच असतो. ताम्हिणीत जुलैमध्ये झाडांखालच्या सावलीतल्या वळणांवर डांबरावर हिरवा थर धरतो. त्यात पर्यटकांच्या गाड्यांनी आणलेला चिखल आणि रंगवलेले पांढरे पट्टे. ‘रेन’ मोडमध्ये ताकद कमी होते आणि ट्रॅक्शन कंट्रोल सगळ्यात वरच्या पायरीवर जातं. मागचं चाक घसरू लागलं की दिवा लुकलुकतो आणि इंजिन क्षणभर रुसल्यासारखं वागतं. पण एक लक्षात ठेवा : या मॉडेलमध्ये आयएमयू (झुकाव मोजणारा सेन्सर) नाही. यंत्रणा दोन चाकांच्या वेगातला फरक तेवढा मोजते. गाडी वळणात किती झुकली आहे हे तिला ठाऊक नसतं. वळणात मध्येच ब्रेक दाबला तर एबीएस सरळ रस्त्यावर वागतो तसाच वागेल. ‘इलेक्ट्रॉनिक्स आहे ना’ या भरवशावर ओल्या घाटात जाऊ नका.

मागची सीट नावाला आहे. बायको एकदा वाईपर्यंत आली आणि परतताना म्हणाली, पुढच्या वेळी मी कारने येते, तू मेणवलीला भेट. तसंच करतो आम्ही.

पेट्रोल शहरात लिटरला पंधरा-सोळा किलोमीटर, हायवेवर वीसपर्यंत. टाकी १७ लिटरची, म्हणजे अडीचशे किलोमीटर झाले की मी पंप शोधू लागतो. चेनला मॅन्युअल दर ६०० किलोमीटरला आणि भिजल्यावर लुब्रिकेशन सांगतं. सेंटर स्टँड नाही, त्यामुळे मागचं चाक उचलून धरणारा पॅडॉक स्टँड विकत घ्या; घरातल्या कोणाला तरी गाडी सरळ धरायला लावून काम उरकायचं हे २१२ किलोला चालत नाही. मागचा टायर १८०/५५, सरळ हायवेने मधल्या पट्ट्यात सपाट होतो आणि मग गाडी वळणात जायला कुरकुर करते. माझा दहा हजार किलोमीटरच्या आधीच बदलावा लागला. टायरच्या जोडीचे पैसे ऐकून वडिलांनी विचारलं, यात गाडीपण देतात का? गावाकडचे पंक्चरवाले एवढा रुंद टायर बघून हात वर करतात. पंक्चर काढायचं स्ट्रिप किट आणि छोटा पंप सीटखाली कसाबसा बसतो, सोबत ठेवा.

सर्व्हिसचा अनुभव संमिश्र. ज्या वर्कशॉपकडे आधी जात होतो (नाव लिहीत नाही), तिथे चेन इतकी ताणून दिली की घरी येईपर्यंत मागून कुंईकुंई ऐकू येत होती. पुढच्या वेळी दुसरीकडे गेलो, मेकॅनिकच्या शेजारी उभा राहिलो, आणि त्याने न चिडता सगळं दाखवलं. आता मी त्याच माणसाकडे जातो.

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न : ट्रायम्फची स्ट्रीट ट्रिपल का नाही? ती वीसेक किलोने हलकी, वळणात जास्त चपळ, ब्रेक सरस. ट्रॅकवर जाणार असाल तर तीच घ्या. मला घाटात आणि ट्रकांच्या मागे खालच्या आरपीएमवरचा भरीव टॉर्क हवा होता, आणि तिथे मोठं इंजिन मोठंच.

२०२५ च्या झेड९०० मध्ये आयएमयू आलं, रेडियल ब्रेक आले, क्विकशिफ्टर आणि क्रूझ कंट्रोलही. पहिल्या दोन गोष्टींसाठी आज नवीच घेईन. फक्त सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या दुचाकींवर जीएसटी ४० टक्के झाला आहे, आधी सेस धरून ३१ होता. आकडा शोरूममध्ये लेखी घ्या. जुन्या पिढीतली कमी चाललेली गाडी नीट किमतीला मिळत असेल तर क्रूझ कंट्रोलच्या मोहाने ती सोडू नका. पुण्याहून कोल्हापूरपर्यंत सहापदरीकरणाचे डायव्हर्जन, उलट दिशेने येणारी बाइक आणि मधल्या पट्टीतून रस्ता ओलांडणारी म्हैस यांच्यामध्ये ते बटण दाबायची सवड कोणाला आहे, मला दाखवा.