विंटरलँडच्या नावाने विकलेले बनावट ध्वनिमुद्रण

अमेरिकन गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या मैफलींचे बूटलेग, म्हणजे परवानगीविना केलेली ध्वनिमुद्रणे, जमवणाऱ्या रसिकांपैकी कोणाला ‘विंटरलँड १९६८, आजवर बाहेर न आलेली टेप’ अशी जाहिरात दिसली, तर त्यांनी पैसे पाठवण्यापूर्वी हा अनुभव वाचावा, एवढ्याचसाठी हे लिहीत आहे.

विक्रेत्याने आमिष फार विचारपूर्वक निवडले होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँड या सभागृहात १०, ११ आणि १२ ऑक्टोबर १९६८ या तीन दिवशी जिमी हेंड्रिक्स एक्स्पिरियन्स या हेंड्रिक्सच्या त्रिकुटाचे रोज दोन, असे सहा कार्यक्रम झाले आणि ते व्यावसायिक यंत्रणेवर ध्वनिमुद्रितही झाले. त्यांतील निवडक भाग १९८७ मध्ये अधिकृतपणे प्रसिद्ध झाला, तर २०११ मध्ये चार सीडींचा संच आला; तरीही सगळे कार्यक्रम पूर्ण स्वरूपात त्यात नसल्यामुळे, कोणाच्या तरी कपाटात आणखी काही उरले असेल, यावर जाणकाराचाही विश्वास बसतो. विक्रेत्याने टेपच्या जुन्या खोक्याचे छायाचित्र आणि एक छोटा नमुना पाठवला. नमुना अस्सल होता. पैसे मात्र ‘मित्र वा नातेवाईक’ या पर्यायानेच पाठवावेत, असा त्याचा आग्रह होता. व्यवहाराचे शुल्क वाचते, हे त्याने दिलेले कारण. त्या पर्यायात खरेदीदाराला कोणतेही संरक्षण मिळत नाही, हे खरे कारण.

दोन सीडी आल्या. पहिलीवरचे वादन अप्रतिम होते, आणि ते तसे असणारच होते, कारण अधिकृत संचातील गाणी उचलून त्यांवर वरून प्रेक्षकांचा गलबला चढवलेला होता. हेडफोन लावून ऐकल्यावर प्रत्येक गाण्याच्या शेवटी टाळ्यांच्या लाटेत डावीकडून तीच लांब शिट्टी, तिच्या पाठोपाठ तीच आरोळी आणि मग तेच खोकणे, अगदी त्याच क्रमाने ऐकू आले. एकच तुकडा पुन्हा पुन्हा चिकटवलेला होता. दुसऱ्या सीडीवर तर ‘मशीन गन’ होते. हे गाणे हेंड्रिक्स १९६९ च्या उत्तरार्धात वाजवू लागला, आणि मूळ त्रिकुटाचा बास वादक नोएल रेडिंग त्याआधीच, जून १९६९ मध्ये, बाहेर पडला होता. त्यामुळे ऑक्टोबर १९६८ च्या टेपवर ते असणे शक्यच नाही.

यानंतर संगणकावर ध्वनीचा वर्णपट काढून पाहिला. जुन्या टेपवर उंच स्वर वर जाताना हळूहळू विरळ होत जातात. येथे मात्र १६ किलोहर्ट्झच्या सुमारास सगळे सुरीने कापल्यासारखे एका रेषेत संपत होते. कमी दर्जाच्या एमपी३ फाइलची ही खूण आहे. म्हणजे टेपवरून थेट उतरवल्याचा दावाही खोटा होता. कोठून तरी उतरवून घेतलेल्या फाइली सीडीवर भरून त्या दुर्मीळ म्हणून विकल्या गेल्या.

जाब विचारल्यावर, टेपच्या आधीच्या मालकाने चिठ्ठी चुकीची लावली असावी, असे उत्तर आले आणि त्यानंतर उत्तरे येणे बंद झाले. अशा व्यवहारात दाद मागणे अवघड असते, कारण कलाकाराच्या परवानगीविना केलेले ध्वनिमुद्रण विकणे हेच मुळात बेकायदेशीर आहे, आणि गिऱ्हाईक तक्रार करायला कचरेल, हे विक्रेत्याला पक्के ठाऊक असते. संग्राहकांच्या जुन्या वर्तुळात टेपची केवळ देवाणघेवाण होते, पैसे घेणे वर्ज्य मानतात. ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडने १९८४ मध्ये ध्वनिमुद्रण करणाऱ्या प्रेक्षकांसाठी वेगळी जागाच राखली, ती याच अटीवर की त्या टेप विकायच्या नाहीत. त्यामुळे अप्रकाशित टेपसाठी कोणी मोठी रक्कम मागत असेल, तर माझ्या मते संशयाला तेवढेच कारण पुरेसे आहे. खरा संग्राहक मूळ टेप कोणाकडून आली, ती कोणत्या यंत्रावर वाजवली आणि मध्ये किती प्रती झाल्या, हे न विचारताही सांगतो. या विक्रेत्याला ते विचारले असता, घराण्यातून आलेली वस्तू आहे, एवढेच त्याने सांगितले होते.

तीच छायाचित्रे आता दुसऱ्या नावाने पुन्हा झळकली आहेत. या वेळी तारीख बदलून १ जानेवारी १९७०, फिलमोर ईस्ट, न्यूयॉर्क अशी केली आहे, म्हणजे ‘मशीन गन’ची अडचण मिटली. मात्र जाहिरातीतील गाण्यांची यादी तीच आहे, आणि सीडीही त्याच असतील, तर पहिल्या सीडीवर ड्रम मूळ त्रिकुटातल्या मिच मिचेलचेच ऐकू येतील. फिलमोर ईस्टच्या त्या कार्यक्रमांत हेंड्रिक्सच्या साथीला ड्रमवर बडी माइल्स होता.